लेहच्या धावपट्टीपाशी

दिल्लीहून पहाटेचं विमान घेतलं. दुपारी खोऱ्यात वारा सुटतो, म्हणून लेहची बहुतेक विमानं सकाळीच ये-जा करतात. उतरताना विमान डोंगराच्या इतकं जवळून वळलं की दगडांवरच्या भेगा दिसल्या. मग स्पितुक गोंपाची, म्हणजे बौद्ध मठाची, टेकडी आली आणि लगेच चाकं टेकली. माझे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळलेले होते.

काश्मीरसाठी भारत-पाकिस्तानचं पहिलं युद्ध चालू असताना, 24 मे 1948 ला, हवाई दलाचे एअर कमोडोर मेहर सिंग याच लेहला डाकोटा हे वाहतुकीचं विमान घेऊन आले. तोवर इथे कधीच विमान उतरलं नव्हतं. धावपट्टी म्हणजे सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने गावकऱ्यांना घेऊन सिंधूकाठी सपाट केलेली माती. डाकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोयच नव्हती. झोजिला खिंड ओलांडून यायचं, हिमालयात वाट काढायची, आणि शेजारी काश्मीरमधल्या लष्करी डिव्हिजनचे प्रमुख जनरल थिमय्या! कारगिल हातचं गेलेलं, द्रासला वेढा पडलेला, रस्ता तुटलेला, लेहमध्ये मूठभर सैनिक. विमान उतरलं नसतं तर लेह वाचणं कठीण होतं. पुढे याच मार्गाने गुरखा जवान आले.

हाताखालच्या पोरांना पाठवण्याआधी स्वतः जाऊन बघायचं, हीच ‘बाबां’ची, म्हणजे मेहर सिंगांची, रीत. डिसेंबर 1947 मध्ये वेढलेल्या पूंछमध्ये पहिला डाकोटाही त्यांनीच उतरवला. त्याआधी इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल कॉलेजातलं शिक्षण, 1936 साली कमिशन, वायव्य सरहद्द, आणि मग ब्रह्मदेशातल्या आराकानमध्ये 6 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नेतृत्व. त्याबद्दल 1944 मध्ये डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. भारतीय हवाई दलात हा मान मिळालेले ते एकटेच. नंतर महावीर चक्र. मला मात्र सगळ्यात मोठी वाटते ती लेहची भरारी.

गेस्ट हाउसच्या चौदाच पायऱ्या, पण सातवीलाच धाप लागली. मालकीणबाईंनी हातातली बॅग काढून घेतली आणि दोन दिवस झोपून राहायला बजावलं. मी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी सावकाश स्पितुकला चढलो. खाली धावपट्टी पूर्वेकडे चढत गेलेली. कॅमेरा पिशवीतच ठेवला. हवाई दलाचं एक मालवाहू विमान टेकडीला वळसा घालून खाली आलं, धूळ उडाली. 1948 च्या सुरुवातीला इथे नुसतं माळरान होतं. मेहर सिंग 1952 साली दिल्लीजवळच्या विमान अपघातात गेले, तेव्हा त्यांचं वय अवघं 36 होतं. विमान थांबेपर्यंत मी तिथेच उभा होतो.