इंट्राडे वही, महिना सातवा: आरएसआयशी भांडण

मंडळी, इंट्राडे म्हणजे त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकायचे सौदे, त्यांची ही वही. ठरल्याप्रमाणे या महिन्यात एमएसीडी हा इंडिकेटर (भावावरून गणिताने काढलेला इशारा) काढून टाकला. चार्टवर उरले आरएसआय (भावाचा जोर 0 ते 100 मध्ये मोजणारा), सुपरट्रेंड (भावाचा कल दाखवणारा) आणि व्हीवॅप (दिवसभरातल्या सौद्यांचा, शेअरसंख्या धरून काढलेला सरासरी भाव). पाच मिनिटांची कँडल (तेवढ्या वेळातली भावाची हालचाल दाखवणारी चार्टवरची कांडी), फक्त कॅश मार्केट, म्हणजे थेट शेअर, फ्युचर्स-ऑप्शन्स नाहीत, भांडवल तेच चाळीस हजार. 31 सौदे झाले, 12 नफ्यात, 19 तोट्यात. खर्च धरून महिना 1,140 रुपयांनी मायनस. मागच्या महिन्याहून बरा, पण मिरवावं असं काही नाही.

सगळ्यात महागात पडलेली सकाळ सांगतो. एका सरकारी बँकेचा शेअर गॅपअप, म्हणजे कालच्या भावाहून उडी मारून वर, उघडला. 9:35 ला आरएसआय 79. सत्तरच्या वर म्हणजे ओव्हरबॉट, खरेदी अती झाली, आता भाव पडणार, हे पाठ. 412 ला 100 शेअर शॉर्ट केले, म्हणजे भाव पडेल म्हणून हातात नसताना आधी विकले, स्टॉपलॉस (तोटा घेऊन बाहेर पडायचा भाव) 416. उडाला. 418 ला पुन्हा शॉर्ट, आरएसआय 84, म्हटलं आता चढून चढून किती चढणार? 422 चाही स्टॉपलॉस उडाला. आठशे रुपये गेले, वर ब्रोकरेज, आणि अजून दहा वाजायचे होते. शेअर दिवसभरात एकदाही व्हीवॅपच्या खाली आला नाही. आरएसआय बिचारा जोर आहे एवढंच सांगत होता, शेअर दमलाय हे माझ्या मनाचं.

संध्याकाळी कागदावर आकडेमोड केली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, जी मला सात महिन्यांत सुचली नव्हती. आरएसआय 14 कँडलचा, म्हणजे माझ्या चार्टवर 70 मिनिटांचा. बाजार उघडतो 9:15 ला. 9:35 च्या आकड्यात आजच्या कँडल चारच, उरलेल्या दहा काल दुपारी 2:40 नंतरच्या! त्यातही सरासरी काढायच्या पद्धतीमुळे त्याआधीच्या कँडलचा अंश राहतोच. वेल्स वाइल्डरने 1978 मध्ये हे गणित मांडलं ते रोजच्या भावांसाठी. पाच मिनिटांवर ते आपण आणलं. व्हीवॅप निदान रोज 9:15 ला पाटी कोरी करून बसतो.

आमच्या गल्लीतले एक काका, 1995 मध्ये मुंबई शेअर बाजारात बोल्ट ही संगणकावरची सौद्यांची यंत्रणा येण्याआधी, रिंगमध्ये (जिथे ओरडून सौदे होत) जॉबर, म्हणजे स्वतःच्या खात्यावर सतत घे-वीक करणारे, होते. त्यांना चार्ट दाखवला. त्यांनी विचारलं, "कालचा हाय (सर्वात वरचा भाव) कितीचा?" 405. "आणि व्हॉल्यूम?" म्हणजे किती शेअरचे सौदे झाले ते. पाहिलाच नव्हता. "तीन साक्षीदार आणलेस, तिघेही एकाच घरचे," म्हणाले. खरंय, तिन्ही इंडिकेटर निघतात भावातूनच. व्हीवॅपमध्ये तेवढा व्हॉल्यूम मिसळलेला असतो.

पण काकांचंही सगळं मला पटत नाही. सौदा का सोडला विचारलं तर "वाटलं" म्हणतात. वही ठेवत नाहीत, त्यामुळे फसलेले "वाटलं" त्यांच्या लक्षात राहत नसावेत असा माझा संशय आहे. सेबी, म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था, तिच्या पाहणीत 2022-23 मध्ये कॅशमध्ये इंट्राडे करणाऱ्या दहांपैकी सात जण तोट्यात होते, आणि वर्षाला 500 हून जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण 80 टक्के. नुसते सौदे करून अनुभव येत असता तर आकडा उलटा दिसायला हवा होता.

म्हणून वहीत दोन रकाने वाढवले: "वेळ" आणि "का घेतला". मागचे सौदे त्यात भरले. 19 पैकी 11 तोटे 10:25 च्या आधीचे, म्हणजे आरएसआयच्या चौदाही कँडल आजच्या होण्याआधीचे, आणि त्यातल्या आठांपुढे कारण एकच, आरएसआय. सुपरट्रेंडबद्दल अजून मत बनलं नाही. आडव्या बाजारात, म्हणजे भाव एकाच पट्ट्यात घुटमळत असताना, तो रडवतो हे तुम्हाला माहीतच आहे.

पुढचा महिनाभर 10:25 पर्यंत आरएसआय लपवून ठेवायचा. तोवर फक्त कालचा हाय-लो, व्हॉल्यूम आणि व्हीवॅप. मोबाईलवर गजरही लावलाय. आज पहिला दिवस. 9:50 ला राहवलं नाही, आरएसआय उघडला, बघून सौदा घेतला. वहीत लाल शाईने नोंदवलाय. पंचाईत अशी की तो 140 रुपये नफ्यात सुटला.