मधले कुठे गेले?

मंगळवार, रात्र

गेले दोन महिने घरी येणाऱ्या प्रत्येकाला लेकीचं एक ते वीस ऐकावं लागतंय. साडेचार वर्षांची आहे. एका दमात म्हणते, शेवटचा 'वीस' जरा जास्तच जोरात. मीही कॉलर ताठ करून ऐकत होतो. रविवारी सहज विचारलं, "सातनंतर काय गं?" तर माझ्याकडे बघतच राहिली. मग पुटपुटत पहिल्यापासून सुरुवात, एक, दोन, तीन... आणि सात ओलांडल्यावर एकदम, "आठ!" सातच्या आधी काय, याला तर उत्तरच नाही.

म्हणजे तिला आकडे येत नव्हते, आकड्यांचं गाणं येत होतं. तिला कशाला हसू? 'भ'च्या आधी काय विचारलं तर मीही मनात प, फ, ब म्हणूनच तिथे पोचतो.

सोमवारी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे दहा तुकडे कापले, स्केचपेनने १ ते १० लिहिले, खिडकीच्या गजाला दोरी बांधली आणि कपड्यांचे चिमटे तिच्या हाती दिले. पहिला दिवस माझ्यामुळेच फसला. दहाही कार्डं एकदम पसरली आणि म्हटलं, लाव. तिने निळी एकीकडे लावली, लाल दुसरीकडे, आणि पाच मिनिटांत चिमटे बोटांना लावून मगर झाली. वेगवेगळ्या रंगांची पेनं वापरायची अक्कल माझीच.

शिवाय ३ चं कार्ड उलटं धरलं की तिला ते ६ च वाटतं. भांडण झालं, आणि खरं सांगायचं तर मुद्दा तिचा बरोबर होता. रात्री सगळी कार्डं काळ्या पेनाने नव्याने केली आणि प्रत्येक आकड्याखाली जाड रेघ ओढली. रेघ म्हणजे जमीन, आकडा जमिनीवर उभा राहतो. एवढं तिला पटलं.

आज फक्त तीन कार्डं दिली: ७, २, ४. आधी दोन लावला, मग चार, मग सात. पण चिकटून नाही. दोन आणि चारमध्ये थोडी दोरी मोकळी, चार आणि सातमध्ये त्याहून जास्त. मला वाटलं, चुकून झालं असेल. हात पुढे करून सात चारजवळ सरकवला. तिने परत होता तिथे नेला.

"अरे बाबा, मधले कुठे गेले? त्यांना जागा नको?"

मी हात मागे घेतला. मग पाच दिला, तो चारला खेटून लागला. सहा दिला, तो सातला खेटून. तीनसाठी तर जागा राखूनच ठेवलेली होती. दोन दिवसांपूर्वी सातच्या आधी काय ते हिला सांगता येत नव्हतं!

रॉबर्ट सीग्लर आणि गीता रामाणी या मानसशास्त्रज्ञांचा २००८ सालचा प्रयोग आठवला. एका सरळ रेषेत १ ते १० घरं असलेला साधा सोंगटीचा खेळ. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांचे चारच डाव, तेवढ्यात मुलांचा आकड्यांचा अंदाज स्पष्ट सुधारला. तशाच पटावर आकड्यांऐवजी रंग असले तर मात्र काही फरक नाही. त्यातली एक बारकी गोष्ट मला फार आवडते. सोंगटी ३ वर असेल आणि दान २ चं पडलं, तर मुलाने 'एक, दोन' नाही म्हणायचं, 'चार, पाच' म्हणायचं. मधून सुरुवात करायची सवय तिथेच लागते. आम्ही सापशिडी खेळताना मी कायम 'एक, दोन'च म्हणायचो.

वीसच्या पुढे जायची घाई आता नाही. आपली भाषा तिथे मुलांची परीक्षाच बघते. परवा अठ्ठावीसनंतर तिने ठणकावून 'नऊवीस' म्हटलं. तीस अजून आलेलेच नाहीत आणि नावात मात्र 'एकोणतीस', हे साडेचार वर्षांच्या माणसाला कोणत्या तोंडाने समजवायचं? 'नऊवीस' आमच्या घरात सध्या चालतं.

झोपायच्या आधी चोर-चोर खेळलो. दोरीवर दहाही कार्डं लावायची, एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने एक कार्ड पळवून बाकीची सरकवून घ्यायची. मी ५ पळवला. तिने रांगेवरून बोट फिरवलं, चार आणि सहाच्या मध्ये थांबली, "पाच चोरलास!" मग माझी पाळी. डोळे उघडले. एक, दोन, तीन... नऊ. रांग कुठेच फाटलेली नाही. पुन्हा मोजलं. "काहीच नाही गेलं की गं," म्हटलं.

ती मांडीखालून १० काढून नाचवत पळाली.