रंग शेवटी बघायचा

फुलपाखरू दिसलं की नजर आधी रंगावर जाते. माझीही जायची, अजूनही जाते. पण ओळख पटवताना मी रंगाला हळूहळू शेवटच्या नंबरावर ढकललं. पंखांवरचा रंग म्हणजे कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले. वय वाढेल तसे ते झडतात आणि फुलपाखरू फिकट पडतं. निळा रंग तर बऱ्याचदा रंगद्रव्याचा नसतोच. खवल्यांच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश तसा परततो, म्हणून कोन बदलला की छटा बदलते.

सुरुवात फुलपाखरू की पतंग इथून झाली. दिवसा फुलपाखरं आणि रात्री पतंग हा नियम फार टिकत नाही. इव्हनिंग ब्राउन हे फुलपाखरू असूनही तिन्हीसांजेला उडतं, आणि गांधीलमाशीचं रूप घेतलेले वास्प मॉथ भर उन्हात फुलांवर सापडतात. म्हणून मी आधी मिशा बघते. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. पतंगाची मिशी साधी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी फुटलेली असते. अपवाद आहेतच, बर्नेट मॉथच्या मिशा टोकाकडे जाड होतात. तरी पहिली चाळणी म्हणून मिशा उत्तम.

खरा अभ्यास झाला तो प्लेन टायगर आणि डॅनाइड एगफ्लायच्या मादीवर. दोघी केशरी, दोघींच्या पुढच्या पंखांची टोकं काळी, त्यावर पांढरे ठिपके. प्लेन टायगरला अळीपणी रुईच्या कुळातल्या झाडांतून विष मिळतं, त्यामुळे पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. एगफ्लायची मादी बेचव नसूनही तेच रूप घेऊन वाचते. फरक मागच्या पंखावर दिसतो. प्लेन टायगरच्या पंखाच्या मधोमध तीन काळे ठिपके असतात आणि नराला चौथा, तो गंधपिशवीचा. एगफ्लायला एकच ठिपका, तोही वरच्या कडेशी. हे जिवंत फुलपाखरावर पहिल्यांदा नीट दिसलं तेव्हा झालेला आनंद मला कुणालाही समजावता आलेला नाही. एगफ्लायचा नर तर काळा, त्यावर जांभळी झाक मारणारे मोठे पांढरे डाग. नर-मादी एकाच जातीचे आहेत यावर डोळे विश्वास ठेवत नाहीत.

छोट्या निळ्या फुलपाखरांसाठी ती बसून पंख मिटेपर्यंत थांबायचं, कारण खूण खालच्या बाजूला असते.

पतंगांचं जग मात्र कितीतरी मोठं. फुलपाखरं आणि पतंग मिळून जो गण होतो, त्यातल्या 1,50,000हून जास्त ज्ञात जातींपैकी फुलपाखरं साधारण 18,000 ते 20,000. उरलेले सगळे पतंग. रात्री पांढरी चादर टांगून समोर दिवा लावते. इथे आधी बसण्याची ढब बघायची. हॉक मॉथ पंख मागे ओढून त्रिकोणी बसतो, जिओमेट्रिड पंख सपाट पसरतो, नॉक्टुइड बहुधा पंख पाठीवर दोन्हीकडे उतरते ठेवतो. एवढ्यावर निदान कुळ तरी हाती लागतं. काम झालं की दिवा बंद करायचाच, नाहीतर पतंग चादरीवरच अडकून राहतात आणि सकाळी पक्ष्यांच्या तोंडी पडतात. अ‍ॅटलस मॉथसारख्या पतंगाला तर प्रौढपणी खाताच येत नाही, अळीपणी साठवलेल्या चरबीवर त्याचे मोजके दिवस निघतात. त्यातली एक रात्र आपल्या दिव्याभोवती वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कित्येक तपकिरी पतंग फोटोवरून जातीपर्यंत ओळखता येतच नाहीत, त्यासाठी जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. मी त्यासाठी पतंग मारत नाही. वहीत कुळाचं किंवा प्रजातीचं (म्हणजे जातीच्या वरच्या गटाचं, जीनसचं) नाव लिहिते आणि तिथेच थांबते. अळी सापडली तर ती कोणत्या झाडावर होती ते आधी टिपते. पुष्कळ अळ्या ठरावीक झाडंच खातात, त्यामुळे झाड कळलं की शक्यतांची यादी एकदम आखूड होते.