निशाणी ४ वर माझीच सही

मार्चमध्ये माझी सरकारी वकिलाची टर्म संपली. म्हणजे आधी बारा वर्षं आरोपीच्या बाजूने, मग तीन वर्षं साताऱ्याच्या सेशन कोर्टात सरकार पक्षाकडून, आणि आता परत आरोपीच्या बाजूने. ऑफिसची पाटी परत लावली त्या दिवशी सासूबाई कंदी पेढ्याचा बॉक्स हातात धरून म्हणाल्या, "सारखी इकडून तिकडं करतीस, उभी राहिल्यावर कळतं का गं तुला, आज कुणाकडनं बोलायचंय ते?" सगळे हसले, मी पण हसले, पण खरं सांगायचं तर हा प्रश्न बार रूममधल्या, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीतल्या, एकानेही मला इतका सरळ विचारला नव्हता.

लोकांना वाटतं वकील एकतर सरकारी असतो नाहीतर खाजगी, जन्मापासून. तसं नसतं. जेएमएफसी म्हणजे खालच्या मॅजिस्ट्रेट कोर्टातले एपीपी, म्हणजे सहायक सरकारी वकील, परीक्षा देऊन येतात, त्यांची कायमची नोकरी, आरोपीचं काम घ्यायचा प्रश्नच येत नाही. सेशनला मात्र बहुतेक आमच्यासारखे खाजगी प्रॅक्टिस करणारेच, कायद्याने सात वर्षांची प्रॅक्टिस लागते, ठराविक मुदतीची नेमणूक होते, मुदत संपली की परत आपलं टेबल आणि आपली खुर्ची. वरचं सरकार बदललं की खालचे सरकारी वकील बदलतात हे तर शेंबड्या पोरालाही माहितीये, यूपीत १९९० साली एका सर्क्युलरने सगळ्या जिल्ह्यांतल्या सरकारी वकिलांना एकदमच घरी पाठवलं होतं, ते शेवटी सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. तर ही खुर्ची अशी भाड्याच्या खोलीसारखी, आणि भाड्याच्या खोलीत येताना माणूस आधीच्या घरातलं सामान घेऊनच येतो.

माझं सामान म्हणजे साठ-पासष्ट फाइली. नेमणुकीचं पत्र आल्यावर एकेका पक्षकाराला बोलवून घेतलं, फाइल हातात दिली, दुसऱ्या वकिलाच्या वकीलपत्रावर, म्हणजे वकील नेमल्याच्या कागदावर, नो ऑब्जेक्शन लिहून सही केली. काहींची फी बाकी होती, ती सोडून दिली. फीसाठी फाइल अडवून ठेवता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २००० साली स्पष्ट सांगितलंय, तरी सर्रास अडवतात, तो वेगळा विषय आहे. माण तालुक्यातले एक आजोबा मात्र फाइल घ्यायलाच तयार नाहीत. म्हणाले, "अवो मॅडम, तुमी सरकारात गेलासा म्हंजे आता आपलं काम झालंच की!" त्यांना समजावताना माझा अर्धा तास गेला, की आजोबा, मी गेले म्हणजे आता तुमच्या केसला मी हातच लावणार नाही, इकडूनही नाही आणि तिकडूनही नाही. ते गेले, पण जाताना तोंडावर सरळ दिसत होतं की बाई कामाची नाही.

बऱ्याच फाइली माझ्या ज्युनियरकडे गेल्या. पाच वर्षं ती माझ्याच ऑफिसात बसत होती, मग तिने वेगळी खोली घेतली. त्या केसेस बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत, आल्या की मी उठायचे आणि दुसरे सरकारी वकील उभे राहायचे. इथपर्यंत सगळं सोपं होतं, कारण कागदावर माझं वकीलपत्र होतं आणि कागद कुणालाही दाखवता येतो.

अडचण झाली ती कागद नसलेल्या केसची. आता इथून पुढचे तपशील मी बदललेत, गाव, वर्ष, भांडणाचं कारण, सगळंच, आणि मुख्य गोष्ट तर लिहिणारच नाहीये.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. तपासी अंमलदार फाइल घेऊन आले, बांधावरनं मारामारी, एकाच्या डोक्यात कुऱ्हाड, कलम ३०७, खुनाचा प्रयत्न. चार्जशीट वाचत वाचत मी आरोपी नंबर दोनच्या नावाशी थांबले. हा माणूस दोन वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसात आला होता. सोबत सातबारा, एक मेहुणा, आणि ओल्या छत्र्या. अटकपूर्व जामिनाबद्दल विचारलं, चाळीसेक मिनिटं बसला, काय झालं ते सगळं सांगितलं, मी काय करता येईल ते सांगितलं, मग फीचा आकडा ऐकून "विचार करून येतो" म्हणाला आणि आलाच नाही. वकीलपत्र नाही, फी नाही, चहा पण आमचाच. माझ्या डायरीत एका ओळीची नोंद, एवढाच पुरावा.

पण त्या चाळीस मिनिटांत त्याने जे सांगितलं होतं ते चार्जशीटमध्ये नव्हतं. आणि चार्जशीटला जे भोक होतं ते त्या गोष्टीने बरोबर बुजत होतं. मी फाइल मिटली.

जिल्हा सरकारी वकिलांकडे गेले, म्हटलं सर ही केस मला नको. त्यांनी विचारलं, वकीलपत्र होतं का? नव्हतं. फी घेतली होती? नाही. मग अडतंय कुठे? रात्री घरी नियम काढून बसले. बार कौन्सिल म्हणजे वकिलांची नियामक संस्था, तिच्या नियमांत ३३ नंबरचा नियम आहे, तो आम्ही सगळे "एकदा एका बाजूने उभं राहिलं की दुसऱ्या बाजूने राहता येत नाही" असा तोंडपाठ म्हणतो. पण नीट वाचला तर उभं राहणं त्यात नंतर येतं, सुरुवातच सल्ला दिलेल्या वकिलापासून होते. सल्ला दिला, प्लीडिंग म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी म्हणणं तयार केलं किंवा पक्षकारासाठी काम केलं, यातलं काहीही केलं असलं तरी विरुद्ध पक्षाकडून जायचं नाही. वकीलपत्र हा शब्दच नाही तिथे! एवढी वर्षं आम्ही वकीलपत्राच्या कागदावर भांडत बसलोय. दुसरीकडे पुरावा कायद्याचं कलम १२६, आता भारतीय साक्ष अधिनियमात १३२, पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय फोडायचं नाही आणि काम संपल्यावरही हे बंधन सुटत नाही. आता कुणी म्हणेल की फी न देता गेलेला माणूस पक्षकार कसला. म्हणू दे. मला एवढं कळत होतं की त्या माणसाची उलटतपासणी नसली तरी त्याच्या साक्षीदाराची मीच घेणार, आणि कोणता प्रश्न विचारायचा हे मला त्यानेच शिकवलेलं असणार.

दुसऱ्या दिवशी परत गेले. साहेब भले माणूस, म्हणाले ठीक आहे, कारण लिहून द्या म्हणजे दुसऱ्याकडे देतो. आणि इथे खरी गंमत झाली. कारण काय लिहू? "आरोपी माझ्याकडे सल्ल्यासाठी आला होता" एवढं जरी लिहिलं तरी पुढचा प्रश्न ठरलेला, कधी आला होता? पोलिसांच्या कागदात तो त्या दिवसांत फरार होता. म्हणजे मी केस का सोडतेय हे सांगणं हीच निम्मी फितुरी. शेवटी "वैयक्तिक कारणास्तव" लिहिलं आणि सही केली.

मग जे व्हायचं ते झालं. आठवड्याभरात बार रूममध्ये चर्चा, मॅडमनी सेटिंग केलं. नवऱ्याला पोवई नाक्यावर चहाच्या गाडीवर त्याच्याच मित्राने विचारलं, वहिनींनी किती घेतले रे? तपासी अंमलदार तर तोंडावरच म्हणाले, "मॅडम, चांगली केस होती, का सोडली तुम्ही?" मुंबईत असं होत नसेल, तिथे कोण कोणाच्या चेंबरमधनं उतरलं हे लिफ्टमनलाही आठवत नसेल. इथे माझ्या ऑफिसच्या जिन्यावर कोण चढलं हे खालच्या झेरॉक्सवाल्याला माहीत असतं, आणि तो ते विनाशुल्क सांगतो.

बाकी लोकांना जो प्रश्न पडतो तो मला कधी पडलाच नाही, की बारा वर्षं आरोपी सोडवणारी बाई आता शिक्षा कशी मागणार. अहो, तेच तर कसब आहे. फिर्याद किती वाजता घेतली आणि मॅजिस्ट्रेटकडे कधी पोचली, पंच तोच तो नेहमीचा आहे का, मुद्देमालाचं सील कुठे तुटलंय, हे सगळं मी वर्षानुवर्षं पोलिसांच्या कागदात शोधत आले होते, आता तेच कोर्टात जायच्या आधी शोधून अंमलदाराच्या समोर ठेवत होते. ते वैतागायचे. पण ती माझी विद्या आहे, कुठल्या एका पक्षकाराची नाही, ती मी कुठेही नेईन. त्या सातबारावाल्याने सांगितलेली गोष्ट माझी नाही, ती त्याची.

आणि शिक्षा मागण्याबद्दल म्हणाल तर सरकारी वकिलाचं काम शिक्षा लावणं नाहीच मुळी. हे पोलिसांना पटत नाही, मूळ फिर्यादीला तर अजिबातच नाही. १९९९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कसंही करून आरोपीला शिक्षा झालीच पाहिजे अशी तहान सरकारी वकिलाला नसावी, आणि म्हणूनच फिर्यादीच्या खाजगी वकिलाच्या हातात खटला द्यायचा नाही, त्याने सरकारी वकिलाच्या सांगण्याप्रमाणे मदत करायची. बार कौन्सिलच्या नियमातही आहे की आरोपी निर्दोष ठरेल असा कागद दडपायचा नाही. मी एकदा असा कागद, एका दवाखान्याची नोंद, स्वतःहून पुढे केली. आरोपी सुटला. त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये मागनं ऐकू आलं, "जुनी सवय जात नाही." मला राग आला, आणि मग वाटलं की यांच्यातल्या किती जणांनी तो नियम वाचलाय.

आता उलटा प्रवास. तो जास्त चकवणारा आहे असं माझं मत झालंय. नियम ३३ मधला विरुद्ध पक्ष म्हणजे सरकार असं सरसकट धरलं तर माजी सरकारी वकिलाने जन्मात कुठल्याही आरोपीचं काम घ्यायला नको, कारण प्रत्येक खटल्यात समोर सरकारच असतं. तसा अर्थ कोणी घेत नाही. तीच केस असेल तर नाही, बाकी चालतं. पण तीच केस म्हणजे कुठून कुठपर्यंत? नुसता रिमांड बघितला असेल तर? तारीख मागितली असेल तर? आमच्यातल्या काहींचं म्हणणं की वर्ष-दोन वर्षं गेली की कोण विचारतंय.

मध्ये अमेरिकेतला २०१६ चा एक निकाल वाचला होता, विल्यम्स विरुद्ध पेनसिल्व्हेनिया. तिथला एक सरकारी वकील, रोनाल्ड कॅस्टिल, त्याने १९८६ मध्ये एका आरोपीला फाशी मागायला मंजुरी दिली, पुढे तो त्याच राज्याच्या सर्वोच्च कोर्टाचा मुख्य न्यायाधीश झाला आणि त्याच आरोपीचं प्रकरण त्याच्यासमोर आलं. बाजूला हो म्हटलं तर झाला नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते चुकीचं ठरवलं, मधे एवढी वर्षं गेली होती तरीही. ते प्रकरण न्यायाधीशाचं आहे, आमचं नाही, पण इतक्या वर्षांनीही सही पुसली जात नाही एवढं माझ्या डोक्यात राहिलं.

तर गेल्या आठवड्यात संध्याकाळी पाऊस थांबल्यावर एक जण आला. कोरेगाव भागातला. फाइल टेबलावर ठेवली आणि हसला, जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघून हसतात तसा. मी फाइल उघडली. जामीन अर्ज, त्याखाली सरकार पक्षाचा से, म्हणजे लेखी म्हणणं, कोर्टाच्या नोंदीत निशाणी ४, कडाडून विरोध, आणि खाली माझी सही.

म्हटलं, "अहो, तुमचा जामीन मीच अडवला होता की!"

"म्हणून तर आलोय," तो म्हणाला. "तुमी अशी काय बाजू मांडलीसा त्या दिवशी, आमच्या वकिलाला बोलायलाच जागा ठेवली न्हाय. आन् केस तुमाला सगळी ठावं हाय. नव्यानं सांगायला नको."

त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. माझ्या दृष्टीने तेच तर नेमकं चुकत होतं, कारण तो से लिहिण्याआधी मी पोलिसांची केस डायरी, म्हणजे तपासाची रोजची नोंदवही, वाचली होती, जी आरोपीला मागूनही मिळत नाही. त्यातलं काय आठवतंय आणि काय नाही हे मला स्वतःलाच सांगता येणार नाही, मग उलटतपासणीत तोंडातून निघालेला प्रश्न चार्जशीटमधला की डायरीतला हे कोण ठरवणार? हे सगळं त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, मला जमणार नाही. त्याला वाटलं फी वाढवतेय. खिशात हात घालून म्हणाला, "आकडा तरी सांगा." नाही म्हटलं परत.

फाइल पिशवीत घालून उठला, दारात थांबला. "मग मॅडम, जाऊ तरी कुणाकडं?"

ज्युनियरचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण तिने तिची खोली गेल्या महिन्यात सोडली, आता परत माझ्याच ऑफिसात आतल्या टेबलावर बसते, आणि तेव्हाही बसली होती, मधल्या उघड्या दारातून आमच्याकडेच बघत होती. म्हटलं, "उद्या अकराला कोर्टात या, बार रूममध्ये विचारा. कोणी पण सांगेल."