शिवाजी पार्क ते एनसीपीए: पेडर रोडसाठी २१ किलोमीटरची रंगीत तालीम

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तयारी करणाऱ्यांपैकी बरेच जण लाँग रन मरीन ड्राइव्हवर इकडून तिकडे करतात. सपाट रस्ता, दिवे, सोबत, सगळं आहे तिथे. नाही तो फक्त चढ. शर्यतीत मात्र परतीच्या वाटेवर पेडर रोड लागतो. पूर्ण मॅरेथॉनवाल्यांना तो पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे नेमका पाय बोलायला लागतात तेव्हा. मार्गात बारीकसारीक बदल होत असतात, त्यामुळे त्या वर्षीचा नकाशा पाहून घ्यावा. पण पेडर रोड थकलेल्या पायांनी चढायची सवय वाया जात नाही.

खालचा मार्ग त्यासाठीच आखलेला आहे: आधी शिवाजी पार्कच्या फेऱ्या, मग प्रभादेवी, वरळी सी फेस, हाजी अली, पेडर रोड, केम्प्स कॉर्नर, गिरगाव चौपाटी आणि शेवट मरीन ड्राइव्हच्या टोकाचं एनसीपीए नाट्यगृह. डिसेंबरातला रविवार, सहा जणांचा गट, किलोमीटरला सरासरी ७ मिनिटं १५ सेकंद. पुढच्या वेळा या हिशेबाने आहेत, आपापल्या वेगाप्रमाणे जुळवून घ्या. आधी एकदा तरी १६ किलोमीटर सलग झालेले नसतील, तर या वाटेला लागू नये.

पहाटेची लोकल पकडून दादरला पश्चिमेला उतरायचं. मेट्रो ३ एवढ्या पहाटे सुरू झालेली नसते, जाताना तिचा उपयोग नाही. स्टेशनबाहेर फुलबाजार तेव्हा ऐन भरात असतो. पाट्या, हातगाड्या, आणि रस्त्यावर ओल्या झेंडूचा चिखल. नव्या बुटांचा तळ त्यावर साबणासारखा सरकतो, त्यामुळे पळत सुटायची घाई इथे नको. स्टेशन ते शिवाजी पार्क भराभर चालत पंधरा मिनिटं लागतात, तोच वॉर्म अप. मैदानावर पोचल्यावर पाय पुढे-मागे झुलवणं, पंधरा-वीस स्क्वॉट, बस. स्नायू ताणून धरायचं स्ट्रेचिंग पळून झाल्यावर.

पाच वाजता सुरुवात. मैदानाभोवतीच्या कट्ट्याच्या कडेची एक फेरी १.२ किलोमीटरला किंचित कमी भरते, त्यामुळे पाच फेऱ्या म्हणजे जवळपास ६ किलोमीटर. तीन फेऱ्या एका दिशेने झाल्या की उरलेल्या दोन उलट्या घ्या. सतत एकाच बाजूला वळत राहिलं की आतल्या पायाचा घोटा आणि बाहेरच्या बाजूचा गुडघा कुरकुरतो. फिरायला आलेले आजी-आजोबा तिघे-तिघे रांग धरून चालतात. त्यांना मागून ओरडून दचकवण्यापेक्षा दोन पावलं बाहेरून जा.

या फेऱ्या आधी का, शेवटी का नाहीत, हा प्रश्न दरवेळी कुणीतरी विचारतंच. शेवटी ठेवल्या तर चढ ताज्या पायांना मिळतो आणि तालीम फुकट जाते. दुसरं कारण व्यवहाराचं आहे: पोट बिघडलं, बूट चावला, गुडघा दुखला, तर पहिल्या पाऊण तासात कळतं आणि घरी परतायला दादर स्टेशन जवळ असतं.

पावणेसहाला पार्क सोडायचं. पहिलं एनर्जी जेल (पळताना खायचा, पुडीतला घट्ट गोड पाक) इथे, दोन घोट पाण्याबरोबर. एका जेलमध्ये साधारण २२ ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि दीड तासापेक्षा लांब पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम पुरतात. जेल नको असेल तर एक मध्यम केळं तेवढंच काम करतं. राजगिऱ्याचा लाडू तोंड कोरडं करतो, चिक्की दातात अडकते आणि धाप लागलेली असताना ठसका देते. हे प्रयोग घरी बसून करा, रस्त्यावर नको.

सिद्धिविनायकापर्यंत दीडेक किलोमीटर. रविवारी पहाटेही दर्शनाला आलेल्या गाड्या आणि टॅक्सी मध्येच थांबतात, दार अचानक उघडतं. पुढे सेंच्युरी बाजारकडून ॲनी बेझंट रोड आणि आत वळून वरळी सी फेस. या टप्प्यात पदपथावरचे पेव्हर ब्लॉक कुठे उखडलेले, कुठे खचलेले असतात आणि झाडाखाली दिवा पोचत नाही. इथे मुरगळलेला घोटा सहा आठवडे घरी बसवतो. रस्त्याच्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, एका ओळीत पळा. छातीवर किंवा पाठीवर चमकणारी पट्टी आणि मनगटावर किंवा कपाळावर छोटा दिवा असू द्या. काळा टीशर्ट घालून अंधारात पळणारे पळताना रुबाबदार दिसत असतील, पण टॅक्सीवाल्याला दिसत नाहीत.

सी फेसला पोचायला सव्वासहा होतात. समोर सी लिंकचे दिवे, रस्ता सपाट, गार हवा, आणि इथेच सगळे घोटाळा करतात. गटातल्या दोघांच्या घड्याळांनी इथे ६:४० चा वेग दाखवला. बोलता बोलता आपण किलोमीटरमागे अर्धा मिनिट जास्त वेगाने पळतोय हे कळतही नाही, आणि ते कर्ज पेडर रोडवर व्याजासकट फेडावं लागतं. कसोटी सोपी आहे: पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. घड्याळावर शंभर टक्के विसंबू नका, उंच टॉवरांच्या रांगेजवळ जीपीएस भरकटतं आणि खोटा वेग दाखवतं.

समुद्राकाठी वारा मिळेल, ही आणखी एक गोड समजूत. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. समुद्रावरचा वारा जमीन तापल्यावर, म्हणजे दुपारकडे, सुरू होतो. पहाटे मिळते ती दमट, बऱ्याचदा स्थिर हवा. हवेत बाष्प जास्त असलं की घाम सुकत नाही, नुसता निथळतो. शरीर थंड होतं ते घाम सुकल्याने, गळल्याने नाही. म्हणून पारा वीसच्या खाली असला तरी वरळीत टीशर्ट पिळून काढता येतो. सुती टीशर्ट तर नकोच. काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि छातीवर व्हॅसलीन आधीच लावलेलं असावं, पुरुषांनी स्तनाग्रांवर कागदी चिकटपट्टी. हे टाळणाऱ्यांच्या टीशर्टवर पंधराव्या किलोमीटरला दोन लाल रेघा दिसतात.

वरळीहून हाजी अलीकडे जाताना कोस्टल रोडच्या चढ-उताराच्या मार्गिकांमुळे चौक गोंधळाचे झाले आहेत. कुठल्या बाजूने गाडी वळून येईल याचा भरवसा नाही, सिग्नलला थांबा. घड्याळ थांबवायचं की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पाय थांबले तर थांबले. सी लिंक आणि कोस्टल रोडचा मुख्य रस्ता पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना बंद आहे, शर्यतीच्या दिवसाची गोष्ट वेगळी. कोस्टल रोडलगतचा समुद्राकाठचा पदपथ मात्र खुला आहे आणि वरळीहून प्रियदर्शिनी पार्कच्या बाजूला त्यावरून जाता येतं. गाड्या नाहीत, सपाट, टापटीप. एरवी अवश्य पळा तिथे. पण आज त्यावरून गेलात तर पेडर रोड चुकतो आणि ज्यासाठी एवढ्या पहाटे उठलो तेच राहून जातं.

हाजी अलीला १४ किलोमीटर होतात, वेळ पावणेसात. दुसरं जेल इथेच घ्या, चढ सुरू झाल्यावर नको. धाप लागली असताना गिळणं जड जातं आणि साखर रक्तात उतरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

आता चढ. पाटीवर डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग, बोलण्यात पेडर रोड. कॅडबरी चौकाच्या पुढे रस्ता वर जायला लागतो आणि जसलोक रुग्णालयाच्या पुढेमागे माथा येतो. अंतर जेमतेम किलोमीटरभर, आणि चढ असा की बसमधून जाताना लक्षातही येत नाही. त्रास होतो तो वेग धरून ठेवायच्या हट्टामुळे. सपाटीवर ७:१५ ने पळणाऱ्याला इथे ७:४५ किंवा ८ लागले तर काही बिघडलेलं नाही. श्वासाची लय तीच ठेवायची, वेग पडू द्यायचा. पाऊल आखूड, पण मिनिटाला पावलं तेवढीच. नजर पंधरा-वीस मीटर पुढे. कंबरेत वाकू नका, झुकायचं तर घोट्यापासून. कंबरेतून वाकलं की छाती दबते आणि मांडीमागचा स्नायू ओढला जातो. हातांची लय किंचित वाढवली की पाय आपोआप मागे येतात. पोटऱ्या जळायला लागल्या तर टाच क्षणभर जमिनीला टेकू द्या, फक्त चवड्यांवर चढणाऱ्याला चौपाटीला गोळे येतात.

चालावं लागलं तर चाला, पण ठरवून: दोनशे पावलं पळत, चाळीस चालत. गटातल्या एकाने तसंच केलं आणि न थांबता चढलेल्यांच्या मागे तो माथ्यावर मिनिटभरानेच पोचला.

उतार जास्त फसवा. केम्प्स कॉर्नरकडे उतरताना मोकळं वाटतं, पावलं लांब पडतात, टाच धाडकन पुढे आपटते आणि मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावतो. सोमवारी जिना उतरताना जे कळवळणं होतं ते चढाचं नव्हे, याच उताराचं. पावलं आखूड ठेवा, आवाज कमी येईल असं पळा. फ्लायओव्हरवर जाऊ नका, खालून जा.

चौपाटीला सव्वासात वाजत आलेले असतात, सूर्य नुकता वर आलेला. मरीन ड्राइव्हचे साडेतीन किलोमीटर समोर पूर्ण दिसतात आणि एनसीपीए काही केल्या जवळ येत नाही. तारापोरवाला मत्स्यालय, मग पुढचा सिग्नल, असं तुकड्यांनी घ्या. शेवटचे दोन किलोमीटर अंगात असेल तर दहा-पंधरा सेकंद वेगाने, नसेल तर नाही. एनसीपीएला ७:३८ झाले, घड्याळात २१.३ किलोमीटर.

पाण्याचं आता सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका त्यात होतात. सहाच्या आधी दुकानं बंद असतात, तेव्हा अर्ध्या लिटरची बाटली बरोबर हवीच, सातनंतर चौपाटीला विकत मिळतं. ओआरएसची मोठी, २१.८ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती पूर्ण अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली की मिश्रण दुप्पट दाट होतं, पोटात डचमळतं आणि जुलाबही होतात. रात्री घरी एक लिटर करून फ्रीजमध्ये ठेवा, त्यातलं अर्धं बरोबर घ्या, अर्धं आल्यावर प्या. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. नुसतं साधं पाणी भसाभसा पिणंही वाईट, रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं.

नेमकं किती प्यायचं ते वजनकाटा सांगतो. निघण्याआधी आणि आल्यावर अंग पुसून, ओले कपडे काढून वजन करा. समजा ६८.४ चं ६६.९ झालं आणि वाटेत ७०० मिलिलिटर प्यायलात. म्हणजे दीड अधिक सात दशांश, अडीच तासांत २.२ लिटर घाम, तासाला जवळपास ९०० मिलिलिटर. तेवढं सगळं पळतानाच भरून काढायची गरज नाही, अर्ध्याच्या आसपास पुरे. बाकीचं दिवसभरात.

सोमवारी पळू नका. ट्रायथलॉनच्या नादाने पोहायला लागलेल्यांसाठी हा तलावाचा दिवस: २५ मीटरचे आठ तुकडे, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. पळणाऱ्यांचे घोटे ताठ असतात, म्हणून पाय बुडतात आणि पाय मारून मारून दम जातो. लाथ गुडघ्यातून नको, खुब्यातून, बारीक. श्वास पाण्यात पूर्ण सोडायचा, डोकं बाहेर काढल्यावर फक्त घ्यायचा. सायकल नवीन असेल तर ती या आठवड्यात नकोच. सीट चुकीच्या उंचीवर असेल तर आधीच दमलेला गुडघा पहिल्याच दिवशी सुजतो.

हा मार्ग पूर्ण मॅरेथॉनवाल्यांनी शर्यतीच्या तीन आठवडे आधीपर्यंत करावा, अर्ध्यावाल्यांनी दोन. त्यानंतर चढाचा फायदा होत नाही, थकवाच उरतो.

परतीला चर्चगेट पंधरा-वीस मिनिटांवर, चालतच जा, लगेच बसलं की पोटऱ्या आखडतात. पिशवीत कोरडा टीशर्ट आणि चपला हव्यात, कारण लोकलच्या पंख्याखाली ओल्या अंगाने बसलं की सर्दी नाही झाली तरी हुडहुडी भरतेच. शिवाजी पार्कला गाडी ठेवली असेल तर चर्चगेटहून मेट्रो ३ ने दादर. लोकलने जाणाऱ्यांनी नाश्त्याला फार रेंगाळू नये, रविवारी दहानंतर रेल्वेचा दुरुस्तीचा ब्लॉक असला तर बोरिवली गाडीत उभं राहायलाही जागा मिळत नाही, आणि त्या दिवशी उभं राहणं हीच मोठी शिक्षा असते.