वक्राचा सपाट तुकडा

कॅन्सरच्या डॉक्टरांनी आकडेवारी तपासायला पाठवलेला आलेख बघताक्षणीच खटकला. केमोला प्रतिसाद दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांचे दोन काप्लान-मायर वक्र (किती दिवसांनी किती जण जिवंत, ते दाखवणारे), त्यांची तुलना करणाऱ्या लॉग-रँक चाचणीची पी-व्हॅल्यू नगण्य, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही, पेपर जवळपास लिहून तयार. पण प्रतिसादवाल्यांचा वक्र पहिले दोन महिने अगदी आडवा, एकही मृत्यू नाही. फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये इतकं छान काही घडत नसतं.

प्रतिसाद रेसिस्ट या गाठी मोजण्याच्या ठरीव निकषांनी स्कॅनवर ठरतो: निवडलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज निदान ३० टक्क्यांनी घटायला हवी. इथे पहिला स्कॅन आठव्या आठवड्यात होता आणि आयुष्य मोजलं होतं पहिल्या सायकलपासून. स्कॅनआधी जो गेला, तो आपसूक 'प्रतिसाद नाही' गटात. प्रतिसादवाला ठरायला आधी स्कॅनपर्यंत जगावंच लागतं. या फुकटच्या 'अमर' काळाने होणाऱ्या गफलतीलाच इम्मॉर्टल टाइम बायस म्हणतात. मिचेल गेल यांनी १९७२ मध्ये हृदयप्रत्यारोपणाच्या आकड्यांत हीच गफलत दाखवली होती. अँडरसन, केन आणि गेल्बर यांनी १९८३ मध्ये नेमकी गाठींच्या प्रतिसादाबाबत दाखवली. तरीही अशा फायली येतच राहतात.

काळ सुरू होतो तो बाराव्या आठवड्यापासून, असं धरून लँडमार्क, म्हणजे मोजणीचा ठरीव टप्पा, लावला. त्याआधी वारलेले किंवा फॉलो-अपला न आलेले बाहेर. गट त्या दिवशीच्या स्थितीवरून, मग पुढे गाठ कितीही आक्रसो. जोडीला मृत्यूच्या जोखमीची तुलना करणारं कॉक्स मॉडेल, प्रतिसाद काळानुसार बदलणारा धरून. ७० व्या दिवशी प्रतिसाद आणि ४०० व्या दिवशी मृत्यू, तर रुग्णाच्या दोन ओळी: ० ते ७० प्रतिसाद शून्य, ७० ते ४०० एक. खरा जीव तारखांनी खाल्ला. कुणी महिना आधी लिहिलेला, कुणी दिवस. सुरुवात आणि शेवट एकाच दिवशी आले की आर हे सॉफ्टवेअर एक वॉर्निंग देऊन तिथे एनए (माहिती नाही) टाकतं आणि कॉक्स ती ओळ मुकाट्याने गाळतं. वॉर्निंग वाचतं कोण!

हॅझर्ड रेशो, म्हणजे दोन गटांतल्या मृत्यूच्या जोखमीचं गुणोत्तर, एकच्या खालीच राहिला, पण त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे अंदाजाचा पट्टा, एक ओलांडून गेला. फरक आहेच, असं आता म्हणता येईना.

"म्हणजे लवकर गेलेले माझे पेशंट तुम्ही मोजलेच नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं. लँडमार्कपुरतं ते खरंच होतं. उत्तर फक्त बारा आठवडे जगलेल्यांबद्दलचं आहे. मग त्यांनी आठ आठवड्यांचा लँडमार्क लावून बघायला सांगितलं. निकाल बघून टप्पा बदलायचा नसतो, हे मी मेलमध्ये कळवलं. शिवाय प्रतिसाद देणारे मुळातच धडधाकट होते की औषधाने तगले, ते यातल्या कुठल्याच मॉडेलमधून कळत नाही.