भरीतच का, सभा का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'अमळनेरात हिवाळाभर बायकांना भरीत खायला बोलावता आणि सात-बाऱ्याच्या गोष्टी काढता. त्यापेक्षा सरळ सभा का घेत नाही?' असं मला हटकून विचारतात.

सभेला निघालेल्या बाईला सासू, नवरा, झालंच तर पोरंही अडवतात. भरिताला निघालेलीला तेच लोक 'आमच्यासाठी डबा आण' म्हणतात.

शिवाय भरिताला वेळ लागतो. हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, साल काढायची, मिरची-लसणाबरोबर लाकडी बडजीत ठेचायची. मग कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. तोवर दुसऱ्या कळण्याच्या भाकरी थापतात. हात कामात असले की बायका मोकळ्या बोलतात. मागे साल काढता काढता एकीने सांगितलं, वडील गेल्यावर भावाने चहा पाजून हक्कसोडपत्रावर सही घेतली. मग काय, जिची तिची सही निघाली!

तेव्हा कायद्याचं बोलणं झालं. वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण तेव्हा लग्न न झालेल्या मुलींनाच. लग्न झालेल्यांनाही तो मिळाला २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने. सही करूच नका, असं मी कुणाला सांगत नाही. माहेर तुटायची भीती खरी असते, आणि दिवाळीला कुणाच्या दारात जायचं ते कायदा सांगत नाही. पण कागद वाचून तरी घ्यावा की नाही?

सासरच्या जमिनीचाही विषय निघाला. १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सात-बाऱ्यावर लागतं. एका आजीने विचारलं, "नाव लावाले काय लागस वं माय?" म्हटलं, नवऱ्याचा अर्ज. त्यावर जे हसू फुटलं, त्यात तव्यावरची भाकरी करपली. तरी दोघी-तिघींनी अर्जाचा नमुना मागून नेला. त्यातल्या एकीचं नाव लागलं. बाकीच्यांच्या घरी अजून 'बघू' चाललंय.

यंदा महिला ग्रामसभेचा विषय घेतलाय. मुख्य ग्रामसभेच्या आधी ती घ्यायची असते. आमच्यातल्या एकीच्या गावात मात्र रजिस्टर घरोघरी फिरतं आणि बायका चुलीपुढूनच उठून सही करतात. पुढच्या वेळी रजिस्टर दारात आलं की आधी विषय वाचून दाखवायला सांगायचं, असं तिच्या गल्लीतल्या बायकांनी ठरवलंय.